खांबाभोवतीची तुटक रेघ

मी घसा फोडून सांगत होते, पण माझं कोणी खरं मानलं नाही. म्हणे कॉम्प्युटर बिघडलाय! काही बिघडला नव्हता. मी तिथेच होते, खांबाला मिठी मारून.

मी तुटक रेघ बोलतेय. फोटोच्या दुकानात, कॉम्प्युटरच्या पडद्यावर माझा जन्म. फोटोतल्या एखाद्या भागाभोवती माउस फिरवला की मी उमटते आणि मुंग्यांच्या रांगेसारखी सरकत राहते. शिक्षण म्हणाल तर दोनच धडे, आत आणि बाहेर. मी वेढलं तेवढंच बदलणार. उजळा, काळं करा, रंग चढवा. बाहेरच्याला बोटसुद्धा लावू देत नाही, मग मालक का असेना.

माणसांना मात्र सगळंच एकदम उजळायचं असतं. एक तोंड काळं आलं की अख्खा फोटो पांढराफटक करून ठेवतात. अरे, जिथे दुखतंय तिथेच औषध लावा ना!

दुकान बहीण-भावाचं. भाऊ फोटो काढतो, ताई ते सुधारते. भावाला सगळे बोक्या म्हणतात, कारण दुसऱ्याची खुर्ची रिकामी दिसली की हा जाऊन बसलाच.

त्या दिवशी शिवणकाम करणाऱ्या एक मावशी जुना फोटो घेऊन आल्या. कारखान्यातल्या बायका रांगेत उभ्या, आणि टोकाला खांबाच्या सावलीत त्यांची धाकटी बहीण. तोंड म्हणजे नुसता काळा डाग.

"हिचा एवढाच फोटो आहे," मावशी म्हणाल्या. "ही गेली तेव्हा हिची पोर रांगतसुद्धा नव्हती. आज संध्याकाळच्या गाडीने ती नोकरीला लांब चाललीये. आईचं तोंड बघून तरी जाऊ दे."

ताईने फोटो कॉम्प्युटरवर घेतला आणि कागद आणायला आत गेली. बोक्या लगेच खुर्चीत! मदत म्हणून त्याने मला खांबाभोवती ओढलं, खांबावरचा ओरखडा पुसला आणि "ही वळवळ बघवत नाही" म्हणत दोन बटणं दाबून मला लपवलं. लपवलं हं, सोडलं नाही! चष्मा काढला म्हणून समोरची बायको नाहीशी होते का?

ताई आली. चेहरा पडदाभर मोठा केला, उजळायचा ब्रश फिरवला. ढिम्म. पुन्हा फिरवला. ढिम्म. चेहरा माझ्या बाहेर, मग मी कशी हात लावू देणार?

"मशीन गेलं कामातून," बोक्या म्हणाला. "उद्या या, मावशी."

"उद्या कोणाला दाखवू? भिंतीला?" मावशी पिशवी मांडीवर घट्ट धरून बसूनच राहिल्या.

ताईने फोटो पुन्हा लहान केला आणि वैतागून ब्रश सगळीकडे फिरवला. तसा खांब लखकन उजळला. नेमका खांबच, त्याच्या कडेपर्यंत. ताईचा हात थबकला.

"खांब उजळतो आणि माणूस नाही?" तिने तीच दोन बटणं दाबली आणि मी दिसले. "अगं, तू होय!"

खांबाचा उजेड तिने मागे घेतला, मला सोडवलं आणि नव्याने चेहऱ्याभोवती ओढलं. हनुवटीखालून, कानामागून, केसांच्या कडेने. मग माझी कड जरा मऊ केली, नाहीतर चेहरा कापून चिकटवल्यासारखा दिसतो. आणि हळूहळू उजेड वाढवला.

आधी कपाळ आलं. मग डोळे. मग चक्क दात!

"अगंबाई, हसत होती की गं ही!" मावशी उठून उभ्या राहिल्या. "इतकी वर्षं वाटायचं, तोंड पाडून उभी आहे."

आता फोटो पाकिटात गेलाय, गाडीला अजून वेळ आहे आणि मी पडद्यावर नाही. पुढचा चेहरा येईल तेव्हा येईन. तोवर एवढंच ऐका, काम अडलं तर मशीनला शिव्या घालायच्या आधी मला शोधा. दिसत नसले तरी मी असते.

मावशी दारातून परत वळल्या. "पण काय गं, मघाशी अडलं होतं ते कोणामुळे?"

ताई त्यांना सोडायला दारापर्यंत आली होती, आणि तेवढ्यात तिच्या मागे तिची रिकामी खुर्ची करकरली. मागे वळूनही न बघता ताई ओरडली,

"बोक्या!"