उसने शेंडे

प्लास्टिकच्या काळ्या पट्टीचं कापलेलं टोक, नखाएवढं, वल्लरीच्या तळहातावर होतं आणि ती ते उगाच फिरवत होती, टोचवून बघत होती, पुन्हा फिरवत होती... वर, शिडीच्या गाडीतली माणसं तसल्याच पट्ट्यांनी माडांना झावळ्या आणि नारळांचे घड बांधत होती. सात माड. सातही २०२० च्या वादळात शेंडे मोडून नुसते खांब झालेले. शेंडा गेला की माड गेला, पुन्हा फुटत नाही, हे दिवेआगरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. तरी तिच्या वडिलांनी, दादांनी, ते तोडले नव्हते.

कल्पना तिचीच. पुढच्या महिन्यात किनाऱ्यावर बीच व्हॉलीबॉलची जागतिक स्पर्धा, अठरा देश, आणि स्वागताच्या फिल्ममध्ये बोलायला शाळेतून निवडलेली ती एकटी! ड्रोनमधून बोडके माड दिसले तसा मुंबईचा दिग्दर्शक रितेश डोकं धरून बसला, आणि ती फटकन म्हणाली, "मग झावळ्या बांधा की, आम्ही गॅदरिंगच्या स्टेजला बांधतो तशा!" सगळे हसले. रितेश हसता हसता थांबला. "यार, ये लडकी जीनियस है." — आठवीपर्यंत वर्गात हात वर करायला घाबरणारी मी, आणि आज माझ्या एका वाक्यावर मुंबईहून ट्रक येतो!

फक्त ते दुसरं वाक्य. कॅमेऱ्यात बघून म्हणायचं : 'वादळ आलं, पण आमची वाडी जशीच्या तशी राहिली.' आरशासमोर चाळीसदा म्हणून झालंय. पण आरशामागे दादा नव्हते. आज ते समोर, विहिरीच्या कट्ट्यावर, हाताची घडी घालून. "तुझी हौस आहे ना, कर," एवढंच म्हणाले होते. ते वाक्य त्यांना माहीत नाही. ऐकतील... आणि मग माझ्याकडे कसे बघतील?

— वादळाच्या दिवशी नऊ वर्षांची ती, भरदुपारी टेबलाखाली, कानांवर हात. आणि दादा मोडणाऱ्या माडांच्या प्रत्येक कडकडाटाला ओळखत होते — हा गोठ्यामागचा, हा कुंपणाकडचा — हाक मारावी तसे. मग एकाएकी ते ओळखायचे थांबले. आवाज मात्र थांबले नव्हते...

"दादा, यंदा पीक बरा हाय," नामा मान वर करून म्हणाला. वाडीचे नारळ वर्षानुवर्षं त्यानेच पाडलेले. "पाडायला कवा येऊ?"

"प्लास्टिकचे पाडशील होय रे?"

"न्हाय तरी काय, पाहुण्यांना तेच पाजा!"

वल्लरी खळखळून हसली, जरा जास्तच.

"अंकल, तुम्हीपण या ना फ्रेममध्ये," रितेशने हाक मारली. "बाप-बेटी, झाडाखाली."

दादा आले. वर बघितलं, हिरवेगार घड लोंबत होते, आणि दोन पावलं बाजूला सरकले.

"अंकल, इधर."

पुन्हा आले. पुन्हा सरकले. लोंबत्या घडाखाली वाडीतला माणूस उभा राहत नाही. खाटसुद्धा बाजूला ओढून घेतो.

"अहो, खोटे आहेत!"

"माहीत आहे रे," दादा ओशाळले. "पाय ऐकत नाहीत."

सहा वर्षं ते याच खांबांखाली बिनघोर बसत आले होते. आज मात्र डोळे बारीक करून वर बघत होते, आणि चेहऱ्यावर काहीतरी जुनं, उजळ... "तो बाणवली जातीचा आहे, त्याला एवढा घड कधी धरत नसे," ते म्हणाले. "दोन नारळ कमी करा त्याचे." रितेशने खरंच कमी करवले.

"रोलिंग!"

तिने वाक्य म्हटलं. एकही अडखळण नाही. मग हळूच बाजूला बघितलं — दादा मान डोलवत होते. "छान बोललीस गो," ते म्हणाले, अगदी मनापासून.

हेच हवं होतं ना मला? मग बरं का वाटत नाहीये... रागवायला हवं होतं त्यांनी. निदान खाली बघायला. त्यांना कळलं नाही, की कळूनच ते... विचारावं का? पण विचारलं तर हा चेहरा विझेल, आणि तो मीच आणलाय, ट्रकमधून.

"वन मोर, वल्लरी! सेम एनर्जी."

तिने पुन्हा म्हटलं. या वेळी ते पहिल्यापेक्षा खरं वाटलं, तिला स्वतःलाच. आणि टाळ्या वाजत असताना, शाळेत हात वर करायच्या आधी धडधडायचं तसं, पण त्याहून खोल कुठेतरी, तिला धडधडायला लागलं.