डाव्या हाताचा फोटो

लग्नाच्या अंगठ्यांचे फोटो काढायचा मला मनापासून तिटकारा आहे आणि इजिप्तमधल्या आमच्या दमियात गावात तेच फोटो काढून मी पोट भरते. अठरा वर्षांत लोकांनी मला अंगठ्या कशाकशावर ठेवायला लावल्या! गुलाबाच्या पाकळ्यांवर, वरून ग्लिसरीनचे थेंब, ते दव म्हणून खपवायचं. एका मच्छीमाराच्या लग्नात जिवंत कोळंबीच्या मिशांत. एकदा मुशब्बकच्या, म्हणजे आमच्याकडच्या जिलबीच्या वेटोळ्यात, पाकासकट. फोटो झकास आला आणि मग मी अर्धा तास टाचणीनं अंगठीतल्या मुंग्या कोरत बसले. नवरीची आई म्हणाली, "मदाम नवाल, तुमच्या हातात जादू आहे." माझे हात तेव्हा नुसते चिकट झाले होते.

पण ज्याची मला खरी शिसारी येते तो फोटो यातला नाही. तो माझा सगळ्यात सुंदर फोटो आहे.

इन्शिराह ही उस्ता सालेमची, म्हणजे सालेम कारागिराची मुलगी. उस्ता सालेम लाकडाला लाखेचं पॉलिश करतो आणि बायको गेल्यापासून इन्शिराह त्याच्या जोडीला असते. कापडाचा बोळा घेऊन तासन्‌तास घासायचं, वाळू द्यायचं, पुन्हा घासायचं. त्या कामानं बोटांची पेरं आणि नखांच्या कडा काथ लागल्यासारख्या तपकिरी होतात आणि तशाच राहतात. लिंबू चोळा, स्पिरिट चोळा, काही उपयोग होत नाही.

तिच्यावर रिफअतचा जीव जडला. त्याच्या आईचं, हज करून आलेल्या हाजा कवसरचं, बाजारात फर्निचरचं तीन मजली दुकान आहे. हाजाला सून म्हणून स्वतःच्या बहिणीची मुलगी हवी होती, शाहिनाझ. रिफअत दोन वर्षं अडून बसला, तेव्हा कुठे साखरपुडा झाला. आमच्याकडे साखरपुड्याला अंगठी उजव्या हातात घालतात. निकाह लागला की नवरा तीच अंगठी काढून बायकोच्या डाव्या हातात घालतो. इन्शिराहनं वर्षभरात ती अंगठी एकदाही काढली नव्हती. कामाला बसताना तिच्यावर चिंधी गुंडाळायची.

निकाहच्या दिवशी दुपारी मी त्यांच्या नव्या घरी पोचले. इन्शिराह पार्लरमध्ये होती. फोटोसाठी म्हणून तिनं अंगठी पहिल्यांदा बोटातून काढून रिफअतबरोबर पाठवली होती, वर निरोप: "मदाम नवालना सांग, पलंगाच्या उशाकडच्या फळीवर ठेवून काढा. तिथलं पॉलिश मी केलंय."

खरंच, अक्रोडाचं लाकूड आणि त्यात तोंड पाहून काजळ घालावं अशी चमक. मी अंगठ्या मांडल्या, तिची सोन्याची, त्याची चांदीची. हाजा मागे उभी राहून साखरेतले बदाम कुडुमकुडुम चावत होती.

"नुसत्या अंगठ्या काय काढतेस? हात हवा त्यात. मला दुकानात मोठा करून लावायचाय."

"मग नवरी आली की काढू, हाजा."

"तिचा हात?" हाजानं तोंड वाकडं केलं. "गटारात बुडवून काढल्यासारखा? माझ्याकडे गिऱ्हाईक येतं, बाई. शाहिनाझ, इकडे ये गं!"

शाहिनाझ आलीच. नखं कालच करून घेतलेली, हातांना क्रीमचा असा घमघमाट की माझं डोकं उठलं.

"मावशी, माझा चेहरा नाही ना येणार?"

"फक्त हात. कुणाला कळतंय!"

मी रिफअतकडे पाहिलं. दोन वर्षं अडून बसलेला माणूस आता खिडकीतून रस्ता बघत होता. "जाऊ दे ना, मदाम नवाल," तो म्हणाला. "आज नको वाद. फोटोच तर आहे."

मी त्याच वेळी कॅमेरा पिशवीत घालून निघायला हवं होतं. मी काय केलं? शाहिनाझनं उजवा हात पुढे केला, तर मीच म्हणाले, "उजवा नको, डावा दे. लग्नाचा फोटो आहे." नुसता हात निर्जीव दिसत होता म्हणून रिफअतला म्हणाले, "तू घाल अंगठी. अर्ध्या बोटावर थांब."

तो थांबला. मी पडदा सरकवला आणि पुन्हा घालायला लावली. मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी शाहिनाझ गालात हसली आणि त्याचा घामट अंगठा तिच्या बोटावर जरा जास्तच रेंगाळला. आणि मी नेमकं तेव्हाच बटण दाबलं, कारण उजेड अगदी हवा तसा पडला होता. सोनं पेटल्यासारखं दिसत होतं आणि खाली लाकडात दोघांचे हात जसेच्या तसे उमटले होते. हाजानं तो फोटो लगेच फोनवर मागून घेतला. मी दिलासुद्धा.

उन्हं कलल्यावर, असरच्या नमाजानंतर हॉलमध्ये गेले तर समोरच्या पडद्यावर तोच फोटो, भिंतीएवढा. लोक माशाल्लाह, माशाल्लाह करत होते. काझी वही उघडून बसला होता. निकाह लावताना मुलीचा बाप आणि नवरा हातात हात देतात आणि वर पांढरा रुमाल टाकतात, म्हणून उस्ता सालेमला रिफअतसमोर बसवलं होतं. हाजा त्याच्या पाठीमागेच माझ्या कानाशी लागली.

"रुमाल मुद्दाम मोठा आणलाय. म्हाताऱ्याचे हात झाकले जातील. तरी तू फार जवळून काढू नकोस."

ती पलीकडे गेल्यावर मी कान पुसला.

इन्शिराह आली. हातात हाजानं पाठवलेले जाळीचे मोजे होते. तिनं पडद्याकडे पाहिलं. आधी तिला तिचं लाकूड दिसलं आणि चेहरा फुलला. मग हात दिसला. ती पाहुण्यांमधून वाट काढत सरळ माझ्यापाशी आली.

"मदाम नवाल, हात कुणाचा आहे?"

"अगं, नेटवरचा आहे तो," हाजा मध्येच म्हणाली. "जोडलाय त्यांनी. हो ना गं, नवाल?"

नुसतं हो म्हटलं असतं तर निकाह लागला असता, सरबत फिरलं असतं आणि ती पोर जन्मभर त्या फोटोखालून दुकानात ये-जा करत राहिली असती. मला स्वतःचीच किळस आली.

"शाहिनाझचा," मी म्हणाले.

"आणि अंगठी?"

"तुझीच."

"घातली कुणी?"

रिफअतच उठून आला. डबीतून अंगठी काढत म्हणाला, "फोटोपुरती गं. आईचा हट्ट होता. आण, हात आण. आत्ता उजव्यात घालतो, निकाह झाला की डाव्यात."

इन्शिराहनं हातमोजे काढले. हात पुढे केला नाही.

"उजव्यातून डाव्यात जाते रे अंगठी. डाव्यातून माघारी उजव्यात आलेली तू कुठे पाहिलीस?"

"शपथ घेतो, फोटोच होता."

"किती वेळा घातली?" तिनं त्याला नाही, मला विचारलं.

"तीन वेळा."

"तीन वेळा," ती त्याला म्हणाली. "मला डाव्यात अजून एकदाही नाही."

"तमाशा नको, लोक बघतायत!" हाजा दातओठ खात पुटपुटली. उस्ता सालेम सावकाश उठला. त्यानं गुडघ्यावरचा रुमाल उचलला, आपल्या तपकिरी हातांनी चार घड्या घातल्या आणि हाजापुढे धरला.

"हा फारच मोठा झाला, हाजा," तो म्हणाला. "चल, पोरी."

मी तो फोटो पुसून टाकला, पण गावभर फिरायचा तो फिरलाच. परवा एक बाई माझ्या स्टुडिओत आली आणि फोनवर तोच फोटो दाखवून म्हणाली, "अगदी असाच हवा. हात किती सुंदर आहे नाही? आणि नवरीच्या हाताची काळजी करू नका, माझ्या भाचीचा चालेल."

नवरी तिच्या मागेच उभी होती, दोन्ही हात ओढणीत लपवून.

"हात बाहेर काढ!" मी तिच्यावर ओरडलेच.