सवडीचा ट्रे

मी एक जुना लाकडी ट्रे आहे, मित्रांनो, आणि सध्या अगदी रिकामा आहे. रिकामपणाचे कौतुक काय सांगतो म्हणून हसू नका. आधी ऐकून घ्या.

कृत्रिम पाय बनवणाऱ्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तेव्हा पाय लाकडाचे घडवत. एका ओंडक्यातून कुणाचा तरी पाय निघाला आणि उरलेल्या तुकड्यांतून सुताराने मला जोडले. माझा भाऊ गावभर हिंडला असेल. मी मात्र टेबलाच्या कोपऱ्यात बसलो तो बसलोच.

टेबल कारखान्यातल्या मुख्य कारागीर बाईंचे. पाय घडवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. मागण्यांच्या आणि तक्रारींच्या पत्रांची उत्तरे त्या उभ्याउभ्या लिहून टाकत. पण अधूनमधून मुलामुलींची पत्रे येत. हे काम कुठे शिकायचे, आम्हाला जमेल का, असे ती विचारत. ती वाचताना बाईंचा चेहरा उजळे. "याला घाईत उत्तर द्यायचं नाही. सवडीने चांगली दोन पानं लिहीन," असे म्हणून त्या पत्र माझ्यात ठेवत. सगळ्यांत चांगली पत्रे माझ्याच वाट्याला येतात, म्हणून मी फुगून बसे.

चामड्याचे पट्टे शिवणारे काका मात्र म्हणत, "बाई, हा ट्रे नाही, विहीर आहे. पडलेलं वर येत नाही."

"येईल हो काका. जरा हातातली कामं आटपू द्या."

कामे कुठली आटपतात?

एकदा एका मुलीचे पत्र आले. तिच्या आजोबांचा कृत्रिम पाय टोचत असे आणि ती रोज त्यात कापूस भरून देत असे. तिने लिहिले होते, "मला हेच काम शिकायचं आहे. पण माझं गणित बेताचं आहे. घरचे हिशेबाच्या अभ्यासक्रमाचा अर्ज भर म्हणतात. मी कोणता भरू, तो की कृत्रिम पायांच्या अभ्यासक्रमाचा? मुदत महिनाअखेर आहे." खाली फोन नंबर होता. बाईंनी ते काकांना दोनदा वाचून दाखवले. "किती गोड लिहिलंय पोरीने! हिला तर सविस्तरच लिहायला हवं." पत्र माझ्यात आले. त्यावर दुसऱ्या कुणाचे आले, तिसऱ्याचे आले.

मग तिचेच आणखी एक पाकीट आले. "आपलं उत्तर आलं नाही. माझ्यासारखीने या वाटेला जाऊ नये, असंच आपलं मत असावं. मुदत शुक्रवारी संपते. मी हिशेबाचा अर्ज देते आहे. त्रासाबद्दल क्षमा असावी."

तो दिवस शुक्रवारच होता. बाईंच्या तोंडचे पाणी पळाले. साच्याच्या प्लास्टरने माखलेल्या हातांनी त्यांनी मला टेबलावर उपडे केले आणि तिचे पहिले पत्र शोधून फोन लावला.

"अगं, गणित माझंही बेताचंच होतं! समोरचा कुठे दुखतंय म्हणतो, ते नीट ऐकता यायला हवं. ते तुला येतंय. अर्ज दिलास का?"

पलीकडून बारीक आवाज आला, "सकाळीच दिला, बाई."

"बदलून मिळेल?"

"पाचपर्यंत मिळतो."

"मग फोन ठेव आणि पळ!"

त्यानंतर बाईंचे कामात लक्ष लागेना. पसरलेली पत्रे त्यांनी एकेक करून उचलली आणि रोज थोड्या थोड्या पत्रांना उत्तरे लिहिली. काही मुलांनी उलट कळवले, "आभारी आहे. आता मी दुसऱ्या कामाला लागलो." ते वाचून बाई लगेच पुढचे पत्र उचलत. मला माझ्या जुन्या अभिमानाची लाज वाटे.

काही दिवसांनी मुलीचे पत्र आले. "अर्ज बदलला. धावताना चप्पल तुटली, पण पोचले." बाई हसल्या, त्यांनी डोळे पुसले आणि सवयीने पत्र धरलेला त्यांचा हात माझ्याकडे वळला. काकांनी शिवण थांबवून नुसते पाहिले. बाईंनी हात मागे घेतला, तिथेच खुर्ची ओढली आणि चार ओळी लिहून पाकीट बंद केले.

मित्रांनो, मनातले विचारायचे असेल तर जरूर लिहा, आणि उत्तर आले नाही तरी त्याला नकार समजू नका. उद्या तुम्ही मोठे व्हाल, तेव्हा तुम्हालाही कुणी असेच विचारील. त्याला दोन पाने नकोत, चार ओळी पुरतात. पण त्या आजच लिहा. माझ्यासारखा ट्रे टेबलावर असलाच, तर तो रिकामाच राहू द्या.