'नों, मेर्सी' म्हणणाऱ्या बाईंची पाटी

मित्रांनो, मी एक जुनी दगडी पाटी आहे. माझ्या लाकडी चौकटीचा एक कोपरा उडालाय आणि अंगभर ओरखडे आहेत. हल्ली मी इंदूरच्या राजेंद्र नगरात, वसुधाबाईंच्या स्वयंपाकघरात दह्याच्या पातेल्यावर झाकण म्हणून असते. हसू नका. ह्याच पाटीने विमानात बसून फ्रान्स पाहिलाय!

वसुधाबाई पहिलीच्या शिक्षिका. एकतीस वर्षं त्यांनी माझ्यावर 'अ' काढून पोरांकडून गिरवून घेतला. पेम, म्हणजे तुमच्याकडची पाटीवरची लेखणी, अंगावर करकरली की मला बरं वाटायचं. तपासणीला आलेले साहेब म्हणायचे, "बाईंच्या वर्गातलं पोर कच्चं राहत नाही." मी गुमान ऐकायचे आणि मनातून फुगायचे.

पुढे बाई निवृत्त झाल्या, त्यांचे यजमान गेले, आणि लेक अनुश्रीने त्यांना वर्षभरासाठी फ्रान्सला, लियोंला बोलावून घेतलं. तिचा वेदांत पाच वर्षांचा. दहा महिन्यांचा असल्यापासून पाळणाघरात वाढलेला, त्यामुळे बोलायचा ते फक्त फ्रेंच. मराठीतला एकच शब्द त्याला यायचा, 'आजी', आणि तोही 'आझी' असा. नातवाशी बोलायचं, एवढा एकच ध्यास घेऊन बाई निघाल्या. त्याला मराठी शिकवायला म्हणून त्यांनी मला साडीत गुंडाळून बॅगेत घातलं.

वेदांतने माझ्यावरचा 'अ' पाहिला, तळव्याने पुसला आणि तिथे मोटार काढली. बाई म्हणाल्या, "चलो, कोई बात नहीं. तो माझ्या भाषेत येत नाही ना, मग मी त्याच्या भाषेत जाते."

आणि त्रेसष्टाव्या वर्षी बाई विद्यार्थी झाल्या. दर बुधवारी वाचनालयातल्या वर्गाला जायच्या. घरी येऊन माझ्यावर देवनागरीत दहा शब्द लिहायच्या, दुपारी ते पुसून आठवत बसायच्या. चार आठवले तर दिवस चांगला. एकदा त्यांनी एकटीने जाऊन ब्रेड मागितला आणि दुकानदाराला तो पहिल्या फटक्यात कळला. घरी येऊन त्यांनी स्वतःशीच टाळ्या वाजवल्या! दुसऱ्याच दिवशी औषधाच्या दुकानात कोणीतरी काही विचारलं आणि बाईंना शब्दच फुटेना. त्या दिवशी त्यांनी मला हातसुद्धा लावला नाही.

ऑक्टोबरात खालच्या मजल्यावरच्या ओदिलबाई दारात आल्या. रोज चार वाजता कॉफीला या, आपण गप्पा मारू, तुमचं फ्रेंच सुधारेल, असं त्यांनी हळूहळू, हातवारे करत सांगितलं. बाईंना सगळं कळलं. जीव सुखावला त्यांचा. आणि त्या काय म्हणाल्या? "नों, मेर्सी." नको, आभारी आहे!

आता तुम्ही म्हणाल, हा काय वेडेपणा? अहो, आमच्या इंदूरचं माणूस पहिल्या बोलावण्याला कधी हो म्हणतं का? नको नको म्हणणाऱ्याच्याच प्लेटमध्ये दुसऱ्यांदा पोहे पडतात, वर मूठभर शेव. यजमानाने दोन-तीनदा मनुहार, म्हणजे लाडाने आग्रह, करायची, मग पाहुण्याने आढेवेढे घेत बसायचं, ही आमची रीत. ओदिलबाई मात्र हसल्या आणि खाली निघून गेल्या. "येईल उद्या परत," बाई मला पुसता पुसता म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी चार वाजता बाई इस्त्रीची साडी नेसून दाराकडे तोंड करून बसल्या. तिसऱ्या दिवशीही. अख्खा हिवाळा असाच गेला.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी बाई बटाटे सोलत होत्या. वेदांत गोष्टीचं पुस्तक घेऊन आपण होऊन त्यांच्याजवळ आला. "आझी, वाचून दाखवतेस?" त्याने फ्रेंचमध्ये विचारलं. बाईंना शब्द न् शब्द कळला! आनंद पोटात मावेना. मग पोरांना खेळवायची जुनी खोड उसळली. त्यांनी लाडाने तोंड फिरवलं आणि म्हणाल्या, "नों, मेर्सी!" आता हा पदर ओढेल, हट्ट करेल, मग मांडीवर घेईन, असं त्यांच्या मनात होतं.

वेदांतने "बरं" म्हटलं आणि तो पुस्तक घेऊन गेला.

जेवताना बाईंनी ती गंमत अनुश्रीला सांगितली. अनुश्रीचा घास हातातच राहिला. "अगं आई, इथे नाही म्हणजे नाहीच! परत विचारत नाहीत इथे. वाईट दिसतं ते."

"पण लगेच हो कसं म्हणायचं? अच्छा नहीं लगता ना!" बाई म्हणाल्या. मग त्यांची नजर दाराकडे गेली.

दुसऱ्या दिवशी त्या ओदिलबाईंकडे गेल्या आणि लगेच परत आल्या. तिथे चारच्या कॉफीला आता रोज दुसरीच मैत्रीण येऊन बसत होती. संध्याकाळी त्यांनी स्वतः पुस्तक उचलून वेदांतला हाक मारली. त्याने मान वर केली आणि अगदी शहाण्यासारखं म्हणाला, "नों, मेर्सी." नंतरही रोज तेच. व्हिसा संपला आणि आम्ही परत आलो.

आता बाईंना फ्रेंच फारसं आठवत नाही. माझ्या दगडी अंगात मात्र ते उतरलंय. रविवारी अनुश्रीचा व्हिडिओ कॉल येतो तेव्हा फोन टेकवायला बाई मलाच उभी करतात. परवा वेदांत पडद्यावर आला. त्याने आईकडे वळून काहीतरी विचारलं. अनुश्री घाईघाईने म्हणाली, "आई, तो विचारतोय, आजी कशी आहे?"

बाईंचा चेहरा असा खुलला म्हणून सांगू! "मजेत आहे रे राजा!" दिवसभर शेजारच्या इंदिराबाईंना सांगत होत्या, "वेदांत माझी चौकशी करत होता."

मित्रांनो, तो म्हणाला होता, "हिच्याशी बोलायलाच हवं का?" मला कळलं. बाईंना कळलं नाही. कळलं असतं तर बरं झालं असतं का, तेही मला सांगता येत नाही.

तुम्हाला एवढंच सांगते. कोणी मायेने बोलावलं तर पहिल्याच वेळी हो म्हणा. आणि तुमची आजी कधी नाही म्हणाली, तर पुस्तक घेऊन तिथेच उभे राहा. तिला दुसऱ्यांदा विचारा. खरं तर हे मला वेदांतला सांगायचं होतं. पण त्याला माझी भाषा येत नाही.