सोळा चिपांची पट्टी

शुक्रवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी इजिप्तमधल्या तांता शहरातल्या वगदी मास्तरांच्या घरचा कॉम्प्युटर परीक्षेपूर्वीच्या तपासणीत नापास झाला. पडद्यावर लाल अक्षरं आली : मेमरी दोन जीबी, किमान चार हवी.

परदेशी नर्सच्या परवान्याची ही परीक्षा दुपारी चारला होती. मास्तरांची मुलगी इनास डायलिसिस विभागात नर्स होती. कुवेतमधल्या एका इस्पितळाने तिच्यासाठी महिनाअखेरपर्यंत जागा राखून ठेवली होती आणि परीक्षेची पुढची तारीख तीन महिन्यांनी होती. परीक्षा घरूनच द्यायची, नोंदवलेल्या मशीनवर, बंद खोलीत. दुसऱ्या कोणाचा आवाज आला तर पेपर रद्द.

मास्तरांनी मशीनचं झाकण उघडलं. बोर्डाला मेमरीच्या दोन खाचा होत्या, त्यातली एक रिकामी. बोर्ड पंधरा वर्षांचं होतं. मॉनिटरच्या कडेचं नवेपणीचं प्लॅस्टिक मात्र अजून काढलेलं नव्हतं. मास्तर निघाले आणि पावणेबाराला मशिदीमागच्या गल्लीत सोब्हीच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानी पोचले.

सोब्हीने कपाटातून मेमरीची एक वापरलेली पट्टी काढून काउंटरच्या काचेवर ठेवली. "ही न्या. बँकेच्या जुन्या मशीनमधली आहे. सोळा चिपा, मोजून घ्या."

"आणि ती पाकीटबंद?"

"ती नवी. आठच चिपा, एकेकीत दुप्पट मेमरी. तुमच्या जुन्या बोर्डाला पचायची नाही."

"दोन्हींवर चार जीबीच लिहिलंय."

"लिहिलंय खरं. पण वाचायचंय बोर्डाला, तुम्हाला नाही."

"सोब्ही, पोरगी परदेशी चाललीय. तिला कोणाचं तरी उष्टं लावू?"

"मास्तर, मशीन आहे ते. लग्नाचा पोशाख घेत नाही आहात."

मशिदीतून बांग झाली. सोब्हीने वाद सोडला, पाकीट मास्तरांच्या हातात दिलं, दारात खुर्ची आडवी टाकली आणि नमाजाला गेला. मास्तरही त्याच्या मागून गेले.

एक वाजून दहा मिनिटांनी नवी पट्टी खाचेत बसली. मशीनने तीन लांब शिट्ट्या दिल्या. पडदा काळाच राहिला. इनासने पट्टी काढून पुन्हा बसवली, मग दुसऱ्या खाचेत लावून पाहिली. पुन्हा तीन शिट्ट्या.

"बाबा, सोब्ही काय म्हणाला होता?"

"त्याला जुना माल खपवायचा होता."

"काय म्हणाला, ते विचारतेय."

मास्तरांनी चष्मा पुसला. "सोळा चिपा म्हणाला."

दोन वाजून दहा मिनिटांनी इनास दुकानापाशी होती. खुर्ची तशीच आडवी होती. या गल्लीत नमाजाच्या वेळी कुलूप लावत नाहीत. खुर्ची असली की आत कोणी पाऊल टाकत नाही. सोळा चिपांची पट्टी काचेवर होती, सकाळी ठेवली तिथेच. तिने सोब्हीला फोन लावला. तो त्या पट्टीशेजारीच वाजला.

"मयतीला गेलाय," समोर फुटाणे विकणारी उम्म हिलाल म्हणाली. "नमाजानंतर जनाजा निघाला, त्याच्यासोबत. यायची वेळ काय सांगू? मेलेल्याला घाई नसते, पोरी."

"मावशी, माझी चारला परीक्षा आहे."

"मग बस थोडी. फुटाणे खा."

इनास पावणेतीनपर्यंत बसली. मग तिने खुर्ची हातभर सरकवली, आत गेली, पट्टी उचलली, फाटक्या पाकिटातली नवी पट्टी तिच्या जागी ठेवली आणि खुर्ची पूर्वीसारखी आडवी केली. सगळं मिळून एक मिनिटही लागलं नसेल.

उम्म हिलाल पुडी वळत होती. "मी होऊन काही सांगणार नाही. त्याने विचारलं, तर मात्र शुक्रवारी खोटं बोलणार नाही."

घरी तिने पट्टीच्या सोनेरी टोकांवरचा मळ खोडरबराने काढला. तीन वाजून अडतीस मिनिटांनी मशीन सुरू झालं. पडद्यावर सहा जीबी दिसले. तपासणी हिरवी झाली.

नियमाप्रमाणे तिने फोन बाहेर, मास्तरांकडे दिला.

"सोब्हीचा आला, तर उचलू?"

"मी पेपरला बसेपर्यंत उचला. नंतर इथे तोंडातून शब्द काढू नका. भिंत पातळ आहे."

तीन पंचावन्नला तिने आतून कडी लावली. तीन अठ्ठावन्नला फोन वाजला. मास्तरांनी सोब्हीचं नाव वाचलं आणि आवाज बंद केला. त्यानंतर तो दोनदा आला.

चारला पडद्यावर निरीक्षकाशी जोडणी होत असल्याची ओळ आली. चार वाजून सहा मिनिटांनी बाहेरच्या दाराची घंटा वाजली. खालून जिन्यात उम्म हिलाल सोब्हीला हाका मारत होती. मास्तर दारापर्यंत गेले आणि कडीवर हात ठेवून उभे राहिले : उघडलं तर बोलावं लागणार होतं, नाही उघडलं तर घंटा पुन्हा वाजणार होती.