झोप लागल्यानंतरचं गाणं

"ताई, त्या गाण्याचं पुढचं काय गं?"

धाकट्याने दारातूनच विचारलं. इस्पितळाच्या तळघरातल्या लाँड्रीत तिन्ही मशीनं एकदम घुमत होती, त्यामुळे त्याला ते ओरडून पुन्हा विचारावं लागलं. ताईने शिवणाच्या मशीनवरून मान वर केली नाही. तिच्या पुढ्यात फाटक्या चादरींचा ढीग होता आणि दुपारच्या पाळीच्या नर्सा वरून सारख्या फोन करत होत्या.

"कुठलं गाणं?"

"कुठलं काय विचारतेस! आईचं. 'दाराला झोप, कडीला झोप, कोपऱ्यातल्या गं काठीला झोप...'" त्याने तिथेच, ओल्या चादरींच्या गाड्याला टेकून, गायला सुरुवात केली. "'दिव्याला झोप, वातीला झोप, दमल्या-भागल्या हाताला झोप.' हातापर्यंत येतं मला. पुढे सगळा अंधार. तिथवर आलं की मी ठार झोपलेला असायचो ना!"

मशीनमध्ये कपडे भरणारी बाई तोंडाला पदर लावून हसली. हसण्यासारखं होतंच. साठीला टेकलेला, टक्कल पडलेला, दोन आठवड्यांपूर्वी आजोबा झालेला हा माणूस अजून घरादाराला धाकटाच होता. वीज कार्यालयात बिलांच्या खिडकीमागे त्याचा जन्म गेला. निवृत्त झाला आणि त्याला 'आमच्या वेळी' नावाचा आजार जडला. जुना रेडिओ विकत आणून त्याने दिवाणखान्यात मांडला. तो वाजत नव्हता, पण दिसायचा छान. रात्री नखं कापू नयेत, रिकामा पाळणा हलवू नये, या सगळ्यामागे म्हणे विज्ञान होतं. "विज्ञान कसलं डोंबलाचं," ताई एकदा म्हणाली होती, "दिवे नव्हते. बोट कापलं असतं." यावर तो आठवडाभर रुसून बसला.

"आठवत नाही मला," ताई म्हणाली.

"तुला? घरमालकाचं कुत्रं कुठल्या पायाने लंगडायचं ते आठवतं तुला, आणि आईचं गाणं आठवत नाही?"

"नाही आठवत म्हटलं ना. मला काम आहे."

"आठव गं. रविवारी सगळे जमणारेत बाळाला बघायला. माझ्या लेकीने फोनवर कसला तरी आवाज लावून ठेवलाय झोपण्यासाठी. कपडे धुवायच्या मशीनचा! चोवीस तास घर्र घर्र."

"मग आण की पोराला इथे."

"थट्टा नको करू. आपल्या घरात आईचं गाणं असताना पोर मशीनवर झोपणार? मी सुरुवात करीन, पुढचं तू म्हण. आपण दोघंच उरलोय आता. तू नाही म्हणालीस तर गेलंच ते गाणं."

तिने दोरा दातांनी तोडला. धाकटा तिच्या खांद्यावर हात ठेवून "येतो गं" म्हणाला आणि पायऱ्या चढून गेला. ताईने पुढची चादर ओढली, पण ठिगळ उलट्या बाजूने लावलं आणि सगळी शिवण उसवायची पाळी आली.

तिला आठवत नव्हतं असं नाही. तिला ते विसरता येत नव्हतं.

एका खोलीचं घर होतं. पाच पोरं एका लांब गोधडीवर ओळीने निजायची. भिंतीकडे ताई, मग मधली तिघं, आणि आईच्या कुशीत धाकटा. बाप रात्रपाळीला. आई पडल्या पडल्या गाणं सुरू करायची आणि पोरं एकेक करून गळायची. हाताला झोप येईपर्यंत चौघं गार. ताई मात्र जागी राहायची. तिला झोपच उशिरा लागायची, त्याला कोण काय करणार? डोळे मिटून पडून राहायची, कारण जागी दिसली की आई पाठीत धपाटा घालायची.

आणि गाणं थांबायचं नाही. चाल तीच, हाताचं थापटणंही तेच, फक्त शब्द बदलायचे. कुणी ऐकत नाही असं समजून आई त्या चालीवर स्वतःशी बोलायची. दिवसभर तिच्याशी बोलायला कुणी नव्हतं आणि रडायला वेळ नव्हता, मग ते सगळं असं सुरात निघायचं. सासूचं टोचून बोललेलं असायचं. पाठीतली कळ असायची. माहेरची विहीर असायची, आणि ती कधीकधी नुसती आठवण म्हणून नसायची. अशा रात्री ताई आईच्या श्वासाकडे कान लावून पहाटेपर्यंत पडून राहायची.

एका रात्री आई म्हणाली होती: "मोठीची पाटी ठेवावी वर, मोठीच्या हाती द्यावं हे घर." आठवड्याने बापाने शाळा सोडायचा विषय काढला, तेव्हा दहा वर्षांची ताई रडली नाही. आईला त्याचं नवल वाटलं. 'पोर समजूतदार आहे हो,' असं ती शेजारणीला सांगत होती. ते समजूतदारपण ताईला जन्मभर पुरलं. घर, भावंडं, मग सत्तरी आली तरी रोजंदारीवर ही लाँड्री. लग्न राहून गेलं ते गेलंच.

पण त्याचं तिला इतकं नव्हतं. तिला सलायची ती दुसरीच ओळ. धाकटा तेव्हा चारेक महिन्यांचा असेल. आई त्याच्याच पाठीवर थापटत म्हणत होती: "चौघांना पुरेना, पाचवा आला, नको नको म्हटलं, तरी का आला."

त्या रात्री ताईने तिघांच्या अंगावरून हात लांब करून धाकट्याच्या कानावर ठेवला होता. त्याला काय कळत होतं? तरी ठेवला.

पुढे आईने त्याच धाकट्यावर जीव ओवाळून टाकला, हेही खरंच होतं. माणूस आधी एखाद्याला नको म्हणतं आणि मग त्याच्याशिवाय त्याला घास उतरत नाही. आईचा सगळ्यात लाडका मीच, असं धाकटा साऱ्या जगाला सांगायचा आणि ते कुणी नाकारत नव्हतं. पण ती ओळ म्हटली गेली होती. आई गेली, मधली तिघं गेली, आणि ती ओळ एकट्या ताईपाशी राहिली. कुणाजवळ बोलावं, कशासाठी बोलावं? तिने ती गिळली. आता धाकटाच हात पुढे करून ती मागत होता.

रविवारी ताई गेली. जायचं नव्हतं, पण न जाण्याला कारण सापडेना.

भाचीचं घर सातव्या मजल्यावर होतं. पाळणा असा की बटण दाबलं की आपला आपण झुलतो. उशाशी फोनमधून खरंच मशीनची घरघर चालली होती. ताईला वाटलं, सुट्टीच्या दिवशीही ही पाठ सोडत नाही. बाळ मात्र टक्क जागं होतं, आणि त्याच्या आईच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती.

"बंद कर ते," धाकट्याने लेकीला फर्मावलं. मग जमलेल्यांकडे वळून तो सुरू झाला. "आमची आई दिवसभर राबायची, पण कधी दमली म्हणून बसलेली मी पाहिली नाही. वर रात्री गाणी म्हणायची. तेव्हाची माणसंच वेगळी. घरात काही नव्हतं, पण आनंद केवढा!"

व्याही मान डोलावत होते. जावयाने "खरंय बाबा" म्हटलं आणि चहाचा कप सासऱ्यांच्या हातात दिला. ताई गुडघे चोळत कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली होती. आई दमायची रे, असं तिच्या तोंडावर आलं. दमायची म्हणून तर गायची. पण इतक्या माणसांत ते बोलण्यासारखं नव्हतं.

धाकट्याने पाळण्याच्या दांडीला हात घातला आणि गायला लागला. दाराला झोप, कडीला झोप. आवाज फाटका होता, पण चाल अगदी आईची होती. कुठे गिरकी घ्यायची तेही त्याला ठाऊक होतं. दमल्या-भागल्या हातापर्यंत तो आला आणि थांबला. सगळ्यांनी ताईकडे पाहिलं.

"म्हण ना आत्या," भाची म्हणाली. तिच्या आवाजात इतका थकवा होता की ताई उठून पाळण्यापाशी गेली.

तिने मनाशी ठरवलं, काहीतरी ठोकून द्यायचं. कुणाला कळणार आहे? तिला कविता कुठून सुचणार, जे हाताखालून जात होतं तेच तिने घेतलं.

"चादरीला झोप, उशीला झोप, घडी घातल्या गं कपड्याला झोप..."

बाळाने तिच्याकडे पाहिलं. धाकट्याने डोळे मिटून घेतले. तिने दाराखिडक्यांना, भांड्याकुंड्यांना सगळ्यांना निजवलं, आणि मग निजवायला काही उरेना. चाल थांबू देत नव्हती. आणि जीभ कुठे तिचं ऐकते? इतकी वर्षं मनातल्या मनात जी वाट तुडवली होती, त्याच वाटेला ती आपसूक लागली.

"चौघांना पुरेना, पाचवा आला..."

धाकट्याने डोळे उघडले. मागे फिरायला जागा नव्हती. पुढची ओळ दातांपाशी येऊन उभी होती, आणि धाकटा तिच्या तोंडाकडे, लहानपणी घासासाठी बघायचा तसा बघत होता.

"...घासातला घास गोड गं झाला."

कुठून आलं ते तिलाही कळलं नाही. तिने तेच दोनदा म्हटलं, मग नुसतंच गुणगुणली. बाळाची मूठ सैल पडली होती.

"हेच!" धाकटा पुटपुटला. गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचंही त्याला भान नव्हतं. "हेच गं, हेच! आता आठवलं मला. अगदी असंच म्हणायची!" मग लेकीकडे वळून, "ऐकलंस? पाचवा म्हणजे मी बरं का!"

"आत्या, पुन्हा म्हण ना," भाची कुजबुजली. "फोनवर रेकॉर्ड करायचं राहिलंच."

"घसा बसला माझा," ताई म्हणाली. "तुझा बाप म्हणेल. त्याला आठवलंय सगळं."

संध्याकाळी धाकटा तिला बसथांब्यापर्यंत पोचवायला आला. वाटभर तो नवीन ओळी घोळवत होता. "'घडी घातल्या गं चादरीला झोप,' बरोबर ना?"

"कपड्याला. चादर आधी झालीय."

"हां, कपड्याला." त्याने शहाण्या मुलासारखं पुन्हा म्हणून दाखवलं. थांब्यावर कुणी नव्हतं. ताई बाकावर टेकली, तो उभाच राहिला.

"ताई, एक सांगू? हसू नकोस."

"हसायला जीव कुठाय? बोल."

"मला लहानपणापासून वाटायचं की मी उगाचच आलोय. घरात एवढी ओढाताण, आणि त्यात मी. कुणी बोललं नाही हं कधी! आई तर किती लाड करायची. पण वाटायचं. म्हणूनच की काय, सगळ्यांना सांगत सुटायचो, मी लाडका, मी लाडका." तो रस्त्याकडे बघत बोलत होता. "आज बरं वाटलं. खूप बरं वाटलं."

"वेडा आहेस," ताई म्हणाली. "आत काय काय घेऊन बसतो माणूस." तिने त्याच्या शर्टाची वर गेलेली कॉलर नीट केली. बस आली.

बसमध्ये तिला खिडकीची जागा मिळाली. बरं केलं, असं ती स्वतःला म्हणाली. पोराच्या जिवाला थंड वाटलं, आपलं काय गेलं? ते खरंही होतं. पण तेवढंच खरं नव्हतं. आई अख्ख्या आयुष्यात जे खरं बोलली ते अंधारात, आणि ते ऐकलेलं एकच माणूस जगात होतं. त्या माणसाने आज भरल्या घरात आईच्या तोंडावर हात ठेवला होता. तिथे दमलेली आई कुणालाच नको होती. आपल्याला तरी कुठे हवी होती? पण ती तशी होती.

तिने ती ओळ मनात म्हणून पाहिली. चौघांना पुरेना, पाचवा आला. आणि पुढे घासातला घास आला. तिने पुन्हा सुरुवात केली. पुन्हा घासच आला. जी ओळ जन्मभर हाकलून गेली नाही, ती आज बोलावूनही येत नव्हती. ताई घाबरली. तिने डोळे मिटले, मांडीवर आईसारखं थापटायला लागली, आणि एका सिग्नलला बस थांबली तेव्हा कुठे ते शब्द सापडले.

"नको नको म्हटलं, तरी का आला," ती म्हणाली. तोंडाने, आवाज काढून, पहिल्यांदाच.

शेजारच्या बाईने वळून पाहिलं. "मला काही म्हणालात?"

"नाही हो," ताई म्हणाली. "आमच्या आईचं गाणं आहे."

"छान आहे चाल," बाई म्हणाली.

ताईने मान हलवली आणि काचेकडे तोंड करून ती ओळ पुन्हा म्हटली. तिचा थांबा येईपर्यंत ती म्हणत राहिली.