डोंगऱ्याचं दुसरं हृदय

दादाचं दुकान पाण्याचे पंप दुरुस्त करायचं, पण शनिवारी संध्याकाळी तिथे एका राक्षसाची चिरफाड चालायची. राक्षस कादंबऱ्यांतला. जाडजूड भागांमागून भाग, आणि त्यांत डोंगऱ्या नावाचा पंखवाला, आग ओकणारा अजस्र प्राणी. मान इमारतीएवढी उंच. शेवटच्या भागात त्याच्या छातीत भाला घुसतो आणि तो समुद्रात कोसळतो. मेला की नाही, हे लेखकाने लिहिलंच नाही. झालं! आम्हाला जन्मभराचं भांडण मिळालं.

दादाचं म्हणणं, डोंगऱ्याला दोन हृदयं. "अगं, एवढ्या उंचीवर एका पंपाचा जोर पुरतो का? मानेच्या बुडाशी दुसरा हवाच. भाला लागला तो खालच्याला. डोंगऱ्या जिवंत आहे."

मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. "जिराफाला एकच असतं, दादा. भिंती जाड असतात, बस."

"जिराफ उडतो का?"

दुकानाच्या वरच दवाखाना असलेला डेंटिस्ट, दादाचा शाळेपासूनचा मित्र, माझ्या बाजूने. त्याला खरं म्हणजे एवढीच काळजी, की तोंडातून एवढा जाळ काढल्यावर दाढांचं काय होत असेल. खोलून ठेवलेल्या पंपांच्या मोटारींमध्ये बसून आम्ही शब्दाशब्दाचा कीस पाडायचो. वहिनी चहा ठेवून जाताना म्हणायची, "मेला का एकदाचा?" पण 'मान्य' हा शब्द त्या दुकानात कधी कोणी उच्चारला नाही.

दादाचं स्वतःचं हृदय एकच, आणि ते कामातून गेलं. डॉक्टरांनी वहिनीला आणि मला बाहेर बोलावून स्पष्ट सांगितलं: औषधं लागू पडत नाहीत, ऑपरेशन झेपणार नाही, फार तर काही दिवस. वहिनीने माझा हात घट्ट धरला. "त्यांना यातलं काही कळता कामा नये. शेवटचे दिवस तरी भीतीत जायला नकोत. शपथ आहे तुला." मी डेंटिस्टलाही बजावलं.

शनिवारी आम्ही दोघं हॉस्पिटलात गेलो. दादा उशांना टेकून बसला होता. श्वास पुरत नव्हता, तरी विषय त्यानेच काढला.

"ऑक्टोपसला तीन हृदयं असतात म्हणे. हे मला इतकी वर्षं कसं सुचलं नाही? आता बोल!"

उत्तर माझ्या ओठांवर होतं. पण त्याचे ओठ निळसर पडले होते, आणि तो खुशीत माझ्याकडे बघत होता. जिंकू दे बिचाऱ्याला, वाटलं.

"मान्य," मी म्हटलं. "दोन हृदयं."

"मलाही मान्य," डेंटिस्ट घाईघाईने म्हणाला.

दादाने आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. हसू अर्ध्यावरच राहिलं.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"कुठे काय? सुधारणा आहे."

"सुधारणा आहे, आणि तुम्ही दोघांनी एकदम नांगी टाकली?"

डेंटिस्ट चष्मा पुसायला लागला.

"बरं, नाही मान्य!" मी जवळजवळ ओरडले. "ऑक्टोपस पाण्यात राहतो, त्याला कुठे मान आहे? त्याची दोन हृदयं नुसती कल्ल्यांसाठी असतात. तुला काडीचं कळत नाही, दादा!" आवाज फाटला. नर्स दारातून डोकावून गेली. त्याने चिडावं, मला एकदा तरी बावळट म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

तो चिडला नाही. माझ्या हातावर त्याने हात ठेवला. गार होता.

"एकच असेल," दादा म्हणाला. "तुझ्या वहिनीला आत पाठव. आणि तुम्ही जरा बाहेर थांबा."

वहिनी बाहेर बेसिनपाशी होती. मी निरोप दिला. तिने तोंडावर पाणी मारलं, केस सारखे केले, आरशात बघून हसरा चेहरा जमवला. त्याची आता गरज नाही, हे सांगायला माझं तोंड उघडलंच नाही, आणि ती तशीच हसत आत गेली.